वच्छलामायची गोड विहीर

वच्छलामाय पाण्याचा घोट घ्यायची, डोळे मिटून तो या गालातून त्या गालात फिरवायची आणि बाजूला थुंकून निकाल द्यायची. "यात डाळ शिजनार नाई." किंवा, "ढोराईले चालते, मानसाले नाई." तेल्हाऱ्याकडचं ते गाव खारपाणपट्ट्यातलं. विहीर खोदली तर खारं, बोअर मारली तर त्याहून खारं. कुणाला नवं पाणी लागलं की तांब्या आधी तिच्या दारात यायचा. तिचा शब्द चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अख्ख्या गावात गोडं पाणी एकाच विहिरीला होतं, तिच्या. रोज सकाळी तिथं बायकांची रांग लागे, आणि तिनं कधी कुणाची घागर परत पाठवली नाही.

मी तेव्हा अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करायचे. खाजगी विहिरींचे नमुने घेत तिच्या मळ्यात पोचले, तेव्हा ती सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यातलं तण काढत होती. माझी पेटी, काचेच्या नळ्या, औषधाच्या पुड्या बघून ती हसली. "एवढं सामान कायले लागते वं? माही जीभ पुरते."

मी तिच्या पाण्यात पुडी टाकली, नळी हलवली. थोड्या वेळानं पाणी गुलाबी झालं आणि मग गडद होत गेलं. रंगांच्या तक्त्यावरच्या शेवटच्या चौकटीपेक्षाही गडद. मी म्हटलं, "मावशी, यात नायट्रेट फार आहे. हे पिण्यासारखं नाही."

ती चिडली नाही. मळ्यातल्याच घरात गेली आणि वेगवेगळ्या विहिरींचं पाणी भरलेले चार तांबे आणून माझ्यापुढं ठेवले. "आता सांग, माही इहीर कोन्ती?"

तीन नळ्या जेमतेम रंगल्या. चौथी पहिल्यासारखीच गडद झाली. मी तो तांब्या पुढं सरकवला. वच्छलामायनं त्याच तांब्यातला घोट तोंडात घेतला, फिरवला आणि गिळला. "गोड हाये वं," ती हळूच म्हणाली. "अजूनबी गोडच लागते."

नायट्रेटला चव नसते, हे मला तिला सांगावं लागलं.

"घरात लहान बाळ आहे का?" मी विचारलं. तिची सून प्रीती दारातच उभी होती. कडेवर तीन महिन्यांचा मुलगा, हातात दुधाची बाटली. तिला अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून देत होते. प्रीती घाईघाईनं म्हणाली, "आमी उकळूनच देतो, मॅडम. रोज उकळतो."

उकळल्यानं पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. उलट घट्ट होतं. मी बाळाचा हात हातात घेतला. नखं निळसर होती. ओठही.

"मले वाटलं, थंडीनं झालं," वच्छलामाय म्हणाली.

त्याच दुपारी तिचा मुलगा दिनकर बाळाला घेऊन अकोल्याला गेला. डॉक्टरांनीही पाण्याचंच कारण सांगितलं, नायट्रेटनं तान्ह्यांच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो. बाळ वाचलं. आठवड्यानं मी पुन्हा गेले तेव्हा तिनं बाळ बरं असल्याचं एका वाक्यात सांगितलं आणि लगेच विचारलं, "हे पान्यात आलं कोठून?"

मी विहिरीलगतचा उकिरडा दाखवला, त्यामागचा संडासाचा खड्डा दाखवला, आणि युरियाच्या रिकाम्या गोण्या. ती एकेकाकडे बघत गेली. "म्हंजे मीच टाकलं."

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर उभी राहून सगळ्यांना सांगायला निघाली. दिनकरनं तिला अडवलं. "माय, चूप राय. उद्या बजारात आपली भाजी कोन घेईन?"

"मंग काय लेकराईले मरू देऊ?" ती म्हणाली आणि गेली.

रांगेतल्या बायकांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकीनं विचारलं, "मंग आमी काय पेवाव, माय? थे खारं?"

नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. बाकीच्या विहिरींचं खारं पाणी पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेली माणसंही त्या गावानं पाहिलेली होती. चार-पाच दिवसांत अर्धी रांग परत आली. तिनं अडवलं नाही. फक्त काठावर बसून प्रत्येकीला विचारायची, "घरी तान्हं हाये? कोनी पोटुशी हाये?" हो म्हटलं की तिची घागर बाजूला ठेवून आपल्या घरचं नळाचं साठवलेलं पाणी तिला द्यायची. घरातली मोठी माणसं मग विहिरीचंच प्यायची. ती तर प्यायचीच.

तिनं उकिरडा हलवला, संडासाचा खड्डा दूर करून घेतला, खत हात आखडून टाकायला लागली. दर तीन महिन्यांनी मी नळी धरायचे आणि ती शेजारी उभी राहायची.

"यंदा?"

"तसंच आहे, मावशी. वेळ लागेल."

"किती?"

मी नळी धुऊन पेटीत ठेवायचे. एकदा मी म्हटलं, तुम्ही प्रीतीला आणि बाळाला घेऊन अकोल्यात का राहत नाही? ती म्हणाली, "आन् या बायाईले कोठी नेऊ?"

दीड वर्षानं मला अमरावतीला नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले, तर तिनं चहा टाकला. पहिल्या तपासणीनंतर मी तिच्या घरी काहीच घेतलं नव्हतं. कधी आत्ताच झाला म्हणायचे, कधी पित्ताचा त्रास सांगायचे. तिनं एकदाही आग्रह केला नव्हता. त्या दिवशी मात्र कप हातात आला आणि मी तो तसाच धरून बसले.

"पे," ती म्हणाली. "तुह्यासाठी दुकानातून पान्याची बाटली आनली. भांडंबी येगळं ठेवलं."

"आणि तुमचा?"

"आमचा इहिरीचाच."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं आपला चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "लवकर पे. तुही एस्टी चुकन."

चहा चांगला झाला होता. मी तो तिच्याकडे न बघता संपवला.