मोहाच्या लहरी

गोंडपिपरीच्या गुणवंतराव मास्तरांना एकच खूळ होतं, लिहायचं. शाळा सुटल्यावर तर विचारूच नका. तारे कशाचे बनलेत, भूकंप का होतो, डास चावला की हिवताप कसा चढतो, अशी पुस्तकं लिहायची, चांद्याला छापून आणायची अन् बाजाराच्या दिवशी चादर अंथरून बसायचं. घेतो कोण? गाढवाला गुळाची चव काय! लोक चित्रं बघायचे अन् पुढे मिरच्या घ्यायला जायचे.

ऐकणारी एकच, बायको गुणाबाई. तिला अक्षरओळख नव्हती. मास्तर वाचायचे, ती तांदूळ निवडत ऐकायची अन् शेवटी म्हणायची, "खरं हाय." तेवढ्यावर हा माणूस जगला.

जंगलातली माणसं चैत्रात फुलं वेचायला बिऱ्हाडासकट मोहाच्या झाडांखाली राहायला जातात. मास्तरांनी पाहिलं, तिथे कुणालाच ताप येत नाही. झालं! झाडाला आत्मा असतो, मोहातून सूक्ष्म लहरी निघतात, त्या रक्तातला ताप ओढून घेतात, औषधाच्या गोळीने मात्र त्या तुटतात, असं विज्ञान अन् अध्यात्म एकत्र कालवून त्यांनी पुस्तक केलं. ते हातोहात खपलं. गावोगाव लोक पाया पडू लागले. मास्तर सुखावले, खोटं कशाला बोला.

छप्पन साली भाद्रपदात तापाची साथ आली. गोळ्या वाटत आलेला मुखरू कंपाउंडर ओट्यावर बसून ते पुस्तक चाळत सहज म्हणाला, "गुरुजी, चैतात डबकी सुकून जाते. पाणी नाई तं डास नाई, डास नाई तं ताप कुठून येईन?"

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी दिसली नाही? गोळ्या घेऊन ते घरात तापाने पडलेल्या गुणाबाईकडे धावले, तर ती घरात नव्हती. अंगात ताप घेऊन ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावरल्या मोहाखालच्या ओल्या जमिनीवर गोधडी टाकून निजली होती. भोवती डासांचा थवा.

"अवं, घरी चाल. ही गोळी गीळ. मी लिवलं ते चूक हाय."

"कोनी तरी नावं ठेवली असन, म्हून तुमचं मन खचलं," ती म्हणाली. "माह्यं नाई खचलं."

त्यांनी तिच्यासमोर पुस्तक फाडलं, शपथा घातल्या, लहान पोरासारखे रडले. पालथ्या घड्यावर पाणी. उचलून घरी आणलं अन् गोळी तोंडात घातली, तर तिने ती हळूच तळहातावर काढली. "गोळीनं लहरी तुटते. तुमीच तं वाचून दाखोलं." जन्मभर एका माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला, अन् तोच आता काढून घेता येईना. गुणाबाई पितृपक्षात गेली.

दिवस झाल्यावर मास्तर दारोदार फिरले, पुस्तक खोटं आहे म्हणून सांगत. लोक हळहळले. बायको गेली, बिचाऱ्याचं डोकं फिरलं, म्हणाले.

एका सकाळी आलापल्लीकडच्या जंगलातल्या गावचा पोचू तापलेली पोर खांद्यावर घेऊन त्यांच्याच मोहाखाली आला. एवढ्या लांब तो गुरुजींच्या झाडासाठी चालत आला होता.

"गुरुजी, हिचं डोकं कोन्या बाजूले करू?"

मास्तरांनी हात जोडले. "पोचू, तिले इथी नको निजवू. गोळी देतो, ते दे. माह्यी बायको याच झाडाखाली निजून मेली."

पोचूचे डोळे भरले. त्याने मास्तरांना धरून दगडावर बसवलं. "तुमाले लय दुःख झालं, गुरुजी. बसा थोडं," म्हणाला, अन् पोरीची गोधडी मोहाखाली अंथरायला लागला.