वाणीणबाई

आमच्या पालघरच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या बाईंना सगळे वाणीणबाई म्हणायचे. कुणीही टेबलापाशी गेलं की बाई चष्मा कपाळावर सारून विचारायच्या, "बोल, काय पाहिजे?" अगदी गल्ल्यावर बसल्यासारख्या. उत्तर आलं नाही तर "पुढचा या" म्हणून मोकळ्या. प्राचार्यांनाही त्यांनी एकदा असंच विचारलं होतं म्हणे, आणि मला ते खरं वाटतं.

माझ्या दोन्ही हातांची बोटं जन्मापासून आखडलेली. आमच्या चिंचणी गावात ज्याला त्याला एकच विचारायचं असे, "काय झालं गो हाताला?" बाईंनी ते कधीच विचारलं नाही. चाचणीत मी अर्ध्याहून जास्त पेपर कोरा सोडला, तेव्हा तो पुढ्यात ठेवून त्यांनी आपला दुकानातलाच प्रश्न केला. आपल्यालाही काही मागता येतं, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. "तोंडाने सगळं सांगतेस, कागदावर उतरत नाही," बाई म्हणाल्या. "लेखनिक मिळतो. पण मागावा लागतो."

त्यासाठी जिल्ह्याच्या दवाखान्याचा दाखला हवा होता. तपासणी महिन्यातून एकदाच, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर. नकार मिळाला तर वर्ष बुडणार. वर्ष बुडालं तर बाबा कॉलेज बंद करणार, तसं ते बोलूनही चुकले होते.

आईने आयुष्यात एकच तपासणी पाहिली होती, ती म्हणजे मुलगी दाखवण्याची. तिने मला ठेवणीतली साडी नेसवली, गजरा माळला. आठवडाभर माझ्याकडून कागदावर नाव घोटून घेतलं. एसटी वाटेतल्या मनोरला पोचेपर्यंत ती कानाशी कुजबुजत होती, "हात पदराखाली ठेव. इचारल्याबिगर काडू नको." बाई रजा टाकून सोबत आल्या होत्या, पण पुढच्या सीटवर. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

दवाखान्यात बाई केसपेपरच्या रांगेत अडकल्या आणि इकडे आमचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांनी विचारायच्या आत आई सुरू झाली. "सगळं येते तिला, डाक्टर. सुकट निवडते, भाकरी थापते. काय पन कमी नाय तिच्यात." मी जन्मात भाकरी थापली नव्हती. डॉक्टर म्हणाले, नाव लिही. मी लिहिलं, घोटलेलं, सुरेख. "छान लिहितेस की. मग लेखनिक कशाला?" असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. आता ते नकार लिहिणार होते. आई मात्र हसत होती. पसंती आली, असं तिला वाटलं.

तेवढ्यात बाई आत आल्या. टेबलावरचं माझं नाव आणि डॉक्टरांच्या हातातलं पेन बघून त्या काय ते समजल्या. "डॉक्टर, परीक्षेत तिला नाव नाही, तीन तास उत्तरं लिहायचीत. तुम्ही बाकीचे पेशंट बघा. ती कोपऱ्यात लिहीत बसेल." डॉक्टर वैतागले, पण बाई हलेनात.

मी मागणीचा नियम लिहायला घेतला. पहिलं पान कसंबसं झालं. दुसऱ्या पानावर अक्षरं ओळ सोडून खाली घसरली आणि बोटं पेनाभोवती गच्च आवळली. कळ खांद्यापर्यंत गेली. लोक बघायला लागले, तशी आई पदर घेऊन माझ्या हाताकडे धावली. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"झाकू नका, ताई. आज बघू द्या."

डॉक्टर उठून आले. माझ्या मुठीतलं पेन त्यांना सोडवता येईना. "विचारा तिला, काय पाहिजे," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं.

"लेखनिक," मी म्हणाले. "आणि अर्धा तास जास्त." एवढ्या मोठ्याने मी तोवर कधी काही मागितलं नव्हतं. दाखला मिळाला, पण आई परतताना मनोरपर्यंत रडत होती. "सगल्यांनी बगितलं," एवढंच म्हणत होती. त्याच आईने पुढे पदवीचा फोटो देवांशेजारी लावला.

मी बोईसरला नोकरीला लागले आणि बाईंकडे जाणं कमी झालं. मग एक दिवस कळलं, बाईंना अर्धांगाचा झटका आला. गेले तर खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. उजवा हात पदराखाली होता. इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, हात काही बाहेर येईना. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. मी जवळ गेले आणि पदर बाजूला केला.

"बोला बाई, काय पाहिजे?"

बाईंनी डाव्या हाताने पदर परत ओढायला घेतला आणि सोडून दिला.

"चहा," शेवटी म्हणाल्या. "पण बशीत दे. कप धरवत नाही मला."

मी माझ्या आखडलेल्या बोटांत बशी धरून त्यांच्या ओठांशी नेली. थोडा चहा दोघींच्या साड्यांवर सांडला.