पोळ्याच्या दिवशी मागितलेलं जू

निजामाच्या अमदानीत आमच्या परंड्याच्या शाळेतली हेडमास्तरची जागा रिकामी झाली. तिच्यावर दोघांचा डोळा होता: माझा, आणि हैदराबादहून आलेल्या एका तरुण मास्तरांचा. निवड तालीम म्हणजे शिक्षण खात्याचे मोहतमीम साहेब करणार होते, शाळा तपासायला आले की.

त्यांच्यापुढं या मास्तरांनी एकाच शब्दावर व्याख्यान ठेवलं: जू. बैलांच्या मानेवरचं. संस्कृतात युग, फारसीत यूघ, लॅटिनमध्ये युगुम, इंग्रजीत योक, स्वीडिश लोकांत नुसतं ओक. जर्मनांचं योख म्हणजे जू तर खरंच, शिवाय डोंगरातली खिंड, आणि एका बैलजोडीनं दिवसभरात नांगरावी एवढी जमीनही. हे सगळं माझ्या वहीत दोन वर्षांपासून होतं. कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. त्यांना न विचारताच सांगता येत होतं.

दाखवायला त्यांना खरंखुरं जू हवं होतं, आणि दिवस निघाला पोळ्याचा. त्या दिवशी आमच्याकडं जू बैलाच्या खांद्याला लागत नाही की घराबाहेर जात नाही. शहरात वाढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. मी त्यांच्या टेबलावर हिरवं कापड नीट अंथरून दिलं.

शेजारच्या शेतकऱ्याकडं गेलेला शिपाई रिकाम्या हातानं परतला. मागोमाग शेतकरीच आला, भर सभेत.

"आज जू न्हाय मिळायचं, मास्तर. पोळा हाय. ह्या मास्तरास्नी इचारायचं की, आमच्याच आळीत राहत्यात."

त्यानं माझ्याकडं बोट केलं. मोहतमीम साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

"त्यांनी सांगितलं होतं, साहेब. मीच विसरलो," तरुण मास्तर म्हणाले.

मग त्यांनी शेतकऱ्याला खुर्ची दिली. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं कसे मळतात ते त्याच्याकडून वदवून घेतलं आणि व्याख्यान तिथूनच सुरू केलं. साहेबांनी ते स्वतःच्या डायरीत उतरवून घेतलं.

जागा त्यांनाच मिळाली. त्यांच्या विद्वत्तेचा हेवा मी आजवर व्यवस्थित सांभाळला होता. त्या एका खोट्या वाक्याचा मात्र झेपेना. रोज सकाळी ते "या मास्तर" म्हणत, आणि तेही मनापासून. महिनाभरात मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला बदली मागितली. परंड्याची हवा मानवत नाही, असं अर्जात लिहिलं. जन्मल्यापासून तीच हवा खात होतो, मग आत्ताच काय झालं, हे कुणी विचारलं नाही. अर्जावर शिफारस त्यांनीच केली.