बिनविस्तवाचा खाऊ

दुपारी चारच्या सुमारास आमच्या गल्लीत ठप ठप सुरू होतं. नव्या माणसाला वाटतं, कुणी धुणं बडवतंय. बडवत असतात बिस्किटं. दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवायची, तिच्यात बिस्किटं भरायची, तोंडाला गाठ मारायची आणि स्टीलच्या पेल्याच्या बुडाने हाणायचं. हाणणारी पोरं सहा ते दहा वर्षांची. एकेक पोर आपापल्या खोलीत, फार तर सोबत पाठचं भावंड, आणि खोलीला बाहेरून कुलूप. त्यांची मास्तरीण गल्लीत, खिडकीच्या गजांपाशी, प्लास्टिकच्या स्टुलावर. तिला सगळे आत्या म्हणतात.

पोरांच्या आया कपड्यांच्या कारखान्यात. सकाळी आठला आत, संध्याकाळी सातला बाहेर. शाळा बाराला सुटते. साडेबाराच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत आया धावत घरी येतात, पोरांपुढे ताट सरकवतात, स्वतः उभ्या उभ्या दोन घास गिळतात, कुलूप लावतात आणि परत धावतात. किल्ली ब्लाउजमध्ये. गल्लीचं तोंड ट्रकच्या रस्त्यावर उघडतं, आणि रस्त्यापलीकडे दारूचं दुकान आहे. पोरं मोकळी सोडायची कशी? नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. त्यांच्या घरी दुपारी कुणीतरी असतं.

आत्या त्याच कारखान्यात बावीस वर्षं होती. काम धागे कापायचं. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, छोट्या कात्रीने लोंबणारे धागे छाटायचे, पुढे सरकवायचा. दिवसाला किती शर्ट, ते सुपरवायझर ठरवायचा. शेवटी शेवटी तिला पांढऱ्यावर पांढरा धागा दिसेना. "डोळे दाखवून या, मग बघू," म्हणाले, आणि दाखवून आल्यावर गेटवर अडवलं. लग्न झालं होतं कधीतरी. वर्षाच्या आत परत आली ती कायमची. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि तिच्या तोंडाकडे बघून विचारायची कुणाची छाती झाली नाही. भावाच्या खोलीत राहायची. भावजय शिलाई मशीनवर.

भावाची मुलगी आठ वर्षांची होती. आत्याचं काम सुटलं त्याच आठवड्यात, एका दुपारी, धाकटा भाऊ भुकेने रडतोय म्हणून तिने गॅसवर दूध ठेवलं. फ्रॉकच्या बाहीने पेट घेतला. आत्या नळावर रांगेत होती, आणि भावजय सवयीने कुलूप लावून गेली होती. किंकाळी ऐकून धावली तर दाराला कुलूप, किल्ली भावजयीकडे, भावजय कारखान्यात. आत्याने खिडकीच्या गजांतून बादलीने पाणी मारलं, जेवढं आत गेलं तेवढं गेलं. कुणीतरी पहार आणून कडी तोडली तोवर उशीर झाला होता. मुलगी अकरा दिवस जगली. धाकटा वाचला. भाऊ-भावजय त्याला घेऊन गाव सोडून गेले. आत्या तिथेच राहिली.

महिनाभर ती कुणाशी बोलली नाही. मग एक दिवस चार वाजता समोरच्या खिडकीपाशी स्टूल टाकून बसली आणि आतल्या पोरीला म्हणाली, "भूक लागली ना? गॅसला हात लावलास तर हात मोडीन. ही घे पिशवी."

असं ते सुरू झालं. विस्तव नाही, सुरी नाही, काचेचं भांडं नाही. बिस्किटाचा चुरा, त्यात बिया काढलेला खजूर बोटांनी कुस्करून, चमचाभर दुधाची पावडर, आणि गोळे वळायचे. नाहीतर केळं चमच्याने ठेचून त्यात दाण्याचं कूट. नाहीतर पावाच्या कडा काढून आत जॅम आणि गुंडाळी. खजुराच्या बिया मोजून गजांतून बाहेर द्यायच्या, आठ खजूर तर आठ बिया. एक जरी कमी भरली तरी ती धाकट्याचं तोंड उघडून बघायला लावायची.

माल तपासायची सवय बावीस वर्षांची. पोर गोळा गजांतून पुढे करायचं आणि आत्या डोळ्यांजवळ धरून फिरवायची. दुरुस्तीला परत पाठवायच्या मालाला कारखान्यात 'अल्टर' म्हणतात.

"हा पीस अल्टर. परत वळ."

"आत्या, पण खायचाच आहे ना?"

"शर्टसुद्धा घालायचाच असतो. वळ म्हटलं ना."

आमच्या गल्लीत एक पोरगी आहे, सात वर्षांची, तिला सगळे वटवटी म्हणतात. ती ओरडायची, "आत्या, तुला तर दिसतच नाही, मग अल्टर कसा काय?" आत्या म्हणायची, "तुझी जीभ दिसते मला. तेवढं पुरे."

माझं आणि आत्याचं पटायचं नाही. मी तीन वर्षं पाळणाघरासाठी भांडत होते. इतक्या बाया कामावर असतील तर कारखान्याने पोरांसाठी जागा आणि बाई द्यायची, असा कायदाच आहे. तो मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही, वकिलाच्या पायरीवर बसून, कागद मागून मागून वाचला. अर्ज, स्मरणपत्र, गेटवर बसणं, सगळं करून झालं होतं. आणि ही बाई पोरांना गोळे वळायला शिकवत बसायची.

एकदा मी तोंडावर म्हटलं, "आत्या, तू त्यांचं काम सोपं करतेस. पोरं गप्प बसली की आया गप्प बसतात."

"आणि पोरं पेटली की आया बोलतात, असं म्हणायचंय का पुढारीणबाई?"

ते मला लागलं. पण मत बदललं नाही.

शेवटी कामगार खात्याने पाहणीची तारीख दिली. एक अधिकारी बाई येणार, कारखाना बघणार, मग गल्ली बघणार. मी सगळ्या आयांना गोळा केलं आणि आत्यालाही बोलावलं. म्हटलं, त्या दिवशी गल्ली जशी आहे तशी दिसू दे. कुलपं दिसू देत, एकटी पोरं दिसू देत. मॅडम दोनला येणार आहेत. त्या जाईपर्यंत आत्याने खिडकीशी बसायचं नाही.

"पोरांना उपाशी ठेवून तमाशा दाखवायचा?"

"एक दिवस, आत्या. एका दिवसाने पाळणाघर मिळेल, मग तुझं स्टूल आत, पोरांच्या मधोमध. कुलपाबाहेर बसायला नको."

तिने पदर सारखा केला. मग विचारलं, "तिथे दार उघडं असेल?"

"दिवसभर."

"बरं," म्हणाली. त्या एका शब्दासाठी तिला काय मोजावं लागलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही. मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

दोन वाजले, मॅडम नाहीत. तीन वाजले, नाहीत. मी कारखान्याच्या गेटवर, आत मॅनेजरच्या केबिनमध्ये मॅडमचा चहा चाललेला. आत्या तिच्या दारात बसून. चार वाजले तशी पोरं खिडक्यांतून हाका मारायला लागली. आत्या उठली नाही. साडेचार झाले. पुढचं मला वटवटीने नंतर सांगितलं. तिचा धाकटा भाऊ जमिनीवर लोळून रडत होता. आईने लायटर पत्र्याच्या डब्यामागे लपवलेला असतो, तो तिला ठाऊक होता. गॅसवर भांडं चढवून तिने लायटर हातात घेतला आणि आत्याने समोरून पाहिलं. ज्या बाईला पांढऱ्यावर पांढरा धागा दिसत नाही, तिला गल्लीच्या पलीकडून लायटर दिसला.

"टाक तो! टाक म्हणते ना! इकडे दे, गजांतून दे!"

वटवटी घाबरून रडायला लागली. लायटर बाहेर आला. आत्याने स्टूल ओढलं, वटवटीला ओट्यावरची बिस्किटं घ्यायला लावली, आणि एका खिडकीचं बघून दुसरीने, तिसरीने पिशव्या काढल्या. पाच मिनिटांत गल्ली ठप ठप वाजायला लागली.

आणि बरोबर तेव्हा मी, मॅडम, मॅनेजर आणि त्यांचा एक फोटो काढणारा माणूस, असे गल्लीत शिरलो.

मॅडम थकलेल्या होत्या. चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन. त्यांनी बघितलं काय, तर नीट बसलेली पोरं, गोळे वळताहेत, बाहेर एक वयस्कर बाई लक्ष ठेवतेय. वटवटीचे डोळे अजून ओले होते, पण पाहुणे बघून तिची कळी खुलली. तिने ताटली गजांतून पुढे केली.

"काका, मी केलंय! गॅस न लावता! आत्याने शिकवलं!"

मॅनेजरने गोळा तोंडात टाकला. "वा! ही तर उद्या माझ्याच कँटीनला पुरवठा करील!" मॅडम हसल्या. फोटो निघाला. मी ओरडत होते की कुलूप बघा, किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, आत काही झालं तर दार कोण उघडणार. माझा आवाज चढला की माणसं माझ्याकडे बघतात, मी काय म्हणते त्याकडे बघत नाहीत. ही माझी जुनी खोड, आणि त्या दिवशी ती महागात पडली.

आत्या उठून मॅडमसमोर उभी राहिली. "बाई, मी राखण करत नाही. मी बाहेर असते. आत काही झालं तर मी नुसती बघणार. मी एकदा बघितलंय."

"तुम्ही फार चांगलं काम करताय, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वीस दिवसांनी अहवाल आला. मुले सुस्थितीत व स्वावलंबी आढळली. शेजारील अनुभवी महिला देखरेख करतात. पाळणाघराची तातडीची निकड दिसून येत नाही. पुढील वर्षी फेरविचार. मी तो आत्याला वाचून दाखवला. तिने 'देखरेख' हा शब्द दोनदा वाचायला लावला.

"हे मी नाही म्हटलं."

"मला माहीत आहे."

"मग लिहिलं कुणी?"

मी कागदाची घडी घातली. मी आत्याला अडवलं नसतं आणि पोरांना नेहमीसारखं चारला दिलं असतं तर लायटर निघाला नसता, आणि मॅडम आल्या तेव्हा गल्ली शांत असती, फक्त कुलपं दिसली असती. हा सगळा हिशोब माझ्या डोक्यात होता आणि तिच्याही असणार. तिने तो बोलून दाखवला नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्याच महिन्यात कारखान्याने नवी भरती केली. आणि आमच्या गल्लीत एक नवी बाई राहायला आली, चार वर्षांच्या पोराला घेऊन. पहिल्याच दिवशी ती आत्याच्या दाराशी उभी.

"सुपरवायझर म्हणाले, गल्लीत आत्या आहेत. पोरांची सोय आहे."

"सोय?" आत्या म्हणाली. "केवढा आहे हा?"

"चार पूर्ण होतील."

"याला पिशवीची गाठसुद्धा मारता येणार नाही. याला कुलपात ठेवणार?"

"मग काय करू? पाठीवर बांधून मशीनवर बसू?"

"मी नाही बघणार," आत्या म्हणाली. "जा आणि सांग त्याला. आत्या नाही म्हणाली, सोय नाही, पाळणाघर द्या म्हणावं."

नवी बाई रडली, शिव्या घालून गेली. मला आत्याचा अभिमान वाटला. आता खरी लढाई, असं मनात आलं. मी रात्रीतून नवा अर्ज खरडला: देखरेख करणारी महिला असे काम करत नाही व करू शकत नाही, खाली तिच्या सहीला जागा. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी चारच्या आत गल्लीत आले.

आत्याचं स्टूल नव्या बाईच्या खिडकीशी होतं. दाराला कुलूप होतं. आत ते पोर कॉटखाली शिरून बसलेलं, नाक गळत. बिस्किटाचा पुडा गजांतून आत पडलेला, त्याला तो फोडता येत नव्हता. आत्या हळू आवाजात सांगत होती, "दाताने धर. दाताने. टोक पकड आणि ओढ. शाब्बास. नाही जमत? असू दे, परत धर."

पलीकडच्या दहा खिडक्यांतून पोरं हाका मारत होती. ती एकीलाही ओ देत नव्हती.

मी अर्ज पुढे केला. "आत्या, सही."

"वाच."

मी वाचला. काम करत नाही व करू शकत नाही, इथे आल्यावर माझाच आवाज खाली गेला. ती पोराकडेच बघत होती.

"खोटं आहे हे," ती म्हणाली.

"अर्धं खोटं आहे. करू शकत नाही, हे खरं आहे."

तिने पेन घेतलं. कागद भिंतीला लावून, डोळ्यांजवळ नेऊन, एकेक अक्षर काढत सही केली. सही वाकडी आली. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अल्टरला पाठवतील. तरी दे."

मग ती परत गजांकडे वळली. पोर कॉटखालून अर्धं बाहेर आलं होतं.