दहा मिनिटं पुढची विनंती

बोरी बुद्रुकच्या आमच्या घरात खरी वेळ कुठल्याच घड्याळात नसते. एसटी चुकू नये म्हणून वडील सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवतात. ते सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो आणि एसटी चुकायची ती चुकतेच.

आई गेल्यावर मी पुण्याचं बिऱ्हाड आवरून इथूनच कोडिंग करू लागलो. साहेब आधीच नाराज होते. शुक्रवारी सकाळी त्यांनी सांगितलं, आज दुपारी बाराच्या आत ग्राहक कंपनीचं लॉगिन चाललं नाही तर सोमवारपासून ऑफिसात या. म्हणजे वडील घरात एकटे.

काम म्हटलं तर साधं. आमचं ॲप माणसाला ओळखत नाही. ते ग्राहकाच्या सर्व्हरला विचारतं, हा तुमचाच ना? तिकडून हो आलं की आत घ्यायचं. पासवर्ड एकच, दारं कितीही. ही विचारणा, म्हणजे विनंती, तयार कोडची एक लायब्ररीच लिहून देते. तिच्यावर क्रमांक, वेळ आणि आमची सही असते. मी सकाळपासून सही तपासली, पत्ता तपासला, लायब्ररी काढून पुन्हा घातली. प्रत्येक विनंती परत. शेवटी ग्राहकाच्या माणसाला फोन लावला. त्यानं शांतपणे नोंद वाचून दाखवली.

"तुमची विनंती अकरा बाराला लिहिलीय. इथं अकरा दोन झालेत. अजून न लिहिलेली विनंती आम्ही कशी घेणार?"

मी खिडकीत रेंजसाठी टांगलेल्या मोबाइलकडे पाहिलं. अकरा दोन. लॅपटॉपवर अकरा बारा. गेला महिनाभर मी प्रत्येक मीटिंगला सगळ्यांच्या आधी हजर होतो आणि साहेबांनी माझ्या वक्तशीरपणाचं कौतुकही केलं होतं.

घड्याळ खरं केलं, दार पहिल्याच हाकेला उघडलं. साहेब म्हणाले, राहा तिकडेच. जीव भांड्यात पडला, पण डोकं तापलेलंच होतं. वडील गोठ्याजवळ बसले होते. लॅपटॉपला कुठली एसटी धरायची होती, असं मी विचारलं. मोबाइलवरचा एक हिंदी व्हिडिओ बघून वेळ बदलायला शिकलो, हे त्यांनी लगेच कबूल केलं. कारण सांगायला मात्र वेळ लावला.

"तुजं काम सहाला सुटतं. मी चा पावणेसहाला ठिवतो. तू येस्तवर लई गार व्हतो. म्हनलं, धा मिन्टं आदी सुटला तर संगं पिऊ."

मला भरून आलं आणि रागही आला, की एवढं तोंडानं सांगायला काय झालं होतं. मग वाटलं, मी तरी कधी विचारलं? रोज रात्री जेवताना मी त्यांना फक्त कामाबद्दल सांगत होतो.

दुपारी साहेबांना कळवलं, रोज संध्याकाळी पावणेसहाला मी कामावरून उठणार, राहिलेलं सकाळी भरून काढीन. त्यांनी कारण विचारलं. मी खरं तेच लिहिलं, चहा गार होतो.