सामाईक कपाट

माझ्या मामाचं चष्म्यांचं दुकान होतं, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याचं अर्धं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या गाडीवर असे. गाडी त्याच्याहून वयाने मोठी. मामी तिला ‘थोरल्या बाई’ म्हणायची, आणि घरात पहिला मान कुणाचा हे ठाऊक असल्याने कुणी वाद घालत नसे.

जुन्या गाड्यांचा क्लब मामाने आणि त्याच्या जुन्या दोस्ताने, म्हणजे दातांच्या डॉक्टरकाकांनी, काढला. दोघांच्या गाड्या एकाच बनावटीच्या, रुसण्यातही सख्ख्या बहिणी. यांचे सुटे भाग आता कुठे बनत नाहीत, म्हणून क्लबच्या खोलीत एक लोखंडी कपाट ठेवलं. ज्याला भंगारात काही सापडेल त्याने तिथे आणून टाकायचं, ज्याची गाडी अडेल त्याने उचलायचं. किल्ली मामाकडे. मामा ‘नाही’ म्हणाला की ती वस्तू कुठेच नाही असं सगळे धरून चालत, कारण तसं म्हणण्याआधी तो सगळे भंगारवाले पालथे घालायचा. दुकानात त्याला एवढा मान कधी मिळाला नाही.

मग क्लबात एक बिल्डर आला. गाड्या भरपूर, प्रत्येकीला वेगळा ड्रायव्हर, आणि बॉनेट कुठून उघडतं याचा साहेबांना पत्ता नाही. अध्यक्षपदाला तो मामाविरुद्ध उभा राहिला आणि सगळ्यांच्या गाड्यांना पक्की शेड देतो म्हणाला. डॉक्टरकाकांनी मामाच्या शेजारी बसूनच बिल्डरसाठी हात वर केला.

“अरे, माझी गाडी पावसात सडतेय,” ते म्हणाले. “शेड तू देणार आहेस का?”

मामा हरला. नवी कमिटी किल्ली मागणार अशी कुणकुण लागताच त्याने पिशव्या भरभरून कपाटातला माल घरी आणला आणि पलंगाखाली सारला. “त्यांच्या हाती लागू देणार नाही,” म्हणाला.

“आणि मी पाय कुठे ठेवू? गिअरबॉक्सवर?” मामीने विचारलं.

तेव्हा मी पोट धरून हसले होते. पण ज्या क्लबसाठी त्याने जिवाचं रान केलं तो क्लबच हा माणूस पलंगाखाली घालून झोपत होता, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतही नव्हतं.

किल्ली अजून मामाकडेच होती तेव्हा डॉक्टरकाका दुकानात आले. त्यांच्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरची कॅप तडकली होती आणि इंजिन चालूच होईना. लग्नाच्या दिवशी तुला याच गाडीतून नेईन, असं त्यांनी लेकीला ती शाळेत असल्यापासून कबूल केलेलं, आणि लग्न तोंडावर आलेलं. “कपाटात एखादी असेल ना रे?”

मामाने हातातला चष्मा पुसत, वर न बघता सांगितलं, “नाही.”

घरी आल्यावर हे त्याने मामीला फुशारकीने सांगितलं. कॅप नेमकी पलंगाखाली तिच्याच बाजूला पडलेली. “राग बापावर आणि शिक्षा पोरीला?” एवढंच ती म्हणाली आणि त्याच्याशी बोलायची बंद झाली. मामाने काही दिवस ताठा धरला. मग एका सकाळी कॅप फडक्यात गुंडाळली आणि मला म्हणाला, “तू चल बरोबर.” एकट्याने जायची त्याची छाती होत नव्हती.

डॉक्टरकाकांच्या अंगणात गाडीच्या जागी फक्त तेलाचा डाग होता.

“बिल्डरला देऊन टाकली,” काका म्हणाले. “सुटे भाग काढून घेणार आहे तो.”

मामाने फडकं उघडून समोर धरलं. काकांनी कॅप हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही, आणि मला मामाची त्या वेळी इतकी लाज वाटली की मी दाराकडे बघत राहिले.

“मी आलो तेव्हा होती तुझ्याकडे?”

“होती.”

“तू चिडणार, बोलणं टाकणार, हे धरूनच मी हात वर केला होता रे,” काका म्हणाले. “पण तू नाही म्हणालास, म्हणून मी दुसरीकडे शोधलीच नाही.”