जीनमध्ये घुसलेला तुकडा

भुईमुगात रोगाला तोंड देणारा जीन घालायचा, हे आमच्या प्रयोगशाळेतलं काम. त्यासाठी मातीतला एक जिवाणू वापरतात. तो आपल्या डीएनएचा थोडा भाग रोपात सोडतो, त्यातच आपला जीन बसवायचा. माझी रोपं तरारून वाढली, पण जीन काही काम करेना.

मार्गदर्शक सर म्हणाले, हाताची चूक आहे, फेकून दे, नव्याने लाव. माझ्या आधी हेच काम करणाऱ्या मुलीलाही ते हेच म्हणाले होते. तिचा हात चांगला नाही असा बोभाटा झाला, आणि पीएचडी अर्धवट सोडून ती नारायणगुड्याच्या एका शाळेत शिकवायला लागली.

मी रोपं फेकली नाहीत. तपासणीत तो जीन हवा त्यापेक्षा लांब दिसत होता, म्हणून त्याच्या डीएनएचा क्रम बाहेरून वाचून मागवला. जीनच्या मधोमध जिवाणूचाच एक तुकडा घुसला होता, जागा बदलत उड्या मारणाऱ्या जातीचा. मग फ्रीजरमधला जिवाणूंचा मूळ साठा तपासला. त्यातही तोच तुकडा. म्हणजे रोपात जाण्याआधीच जीन मोडला होता, आणि माझ्या आधीच्या त्या मुलीनेही तोच साठा वापरला होता.

सरांनी सगळं पाहिलं आणि नवा साठा करायला सांगितलं. हे प्रकरण मात्र प्रबंधात नको, लोक आपल्या जुन्या कामावरही संशय घेतील, असं त्यांचं म्हणणं.

"मी ते काढणार नाही, सर. तिच्यावर आळ आहे."

"मग माझी सही मिळणार नाही."

नल्लकुंट्याला घरी बाबांनी समजावलं, सरांशी वैर नक्को, आधी पदवी पदरात पाडून घे. जन्म सरकारी नोकरीत गेलेला माणूस. मी त्यांनाही नाही म्हटलं.

पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीपुढे मी तो तुकडा दाखवला. हा साठा आणखी कोणी वापरला होता, असं एका बाईंनी विचारलं. मी सांगून टाकलं. प्रकरण ठेवा, असं समितीनेच लिहून दिलं, तेव्हा कुठे सही झाली.

मी तिच्या शाळेत गेले. शिक्षकांच्या खोलीत तिने मूळ साठ्याच्या तपासणीचा कागद वाचला.

"म्हणजे माझा हात बरा होता."

परत ये, मी म्हटलं.

"ते त्यांनी येऊन म्हणायला हवं."

दुसऱ्या दिवशी सरांना मी हे तिच्याच शब्दांत, सगळ्यांसमोर सांगितलं. ते अजून तिच्याकडे गेलेले नाहीत. मीही, कधी जाणार, हे विचारायचं सोडलेलं नाही.